कडा कापू नका

दिल्लीत जुने फोटो दोन निमित्तांनी बाहेर पडतात. एक दिवाळीची आवराआवर आणि दुसरं म्हणजे कोठी बिल्डरला देणं. साउथ दिल्ली असो की फरिदाबाद, जुनं बैठं घर पाडून त्या जागी चार मजले चढवायचं ठरलं की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. भांडीकुंडी कबाडीवाला नेतो, पुस्तकं रद्दीत जातात. फोटोंपाशी मात्र घर अडतं. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. मग कोणाच्या तरी ओळखीने फोन येतो.

माझं काम असं आहे: जुने फोटो, निगेटिव्ह, स्लाइड स्वच्छ करायच्या, त्यांची डिजिटल प्रत काढायची आणि मूळ वस्तू आणखी काही वर्षं तगेल अशी सोय लावून द्यायची. नोएडातल्या फ्लॅटच्या दोन खोल्यांत माझा संसार थाटलेला आहे. लाइटबॉक्स, स्कॅनर, हवा मारायचा रबरी फुगा, सुती हातमोजे, आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात बुरशी, मे महिन्यात धूळ, नोव्हेंबरात धूर. हवेतल्या गंधकाने निगेटिव्हमधली चांदी वर येऊन तकतकते, त्यामुळे दिल्लीची हवा माणसांच्या फुप्फुसांएवढीच फिल्मच्याही मुळावर उठलेली आहे.

गिऱ्हाइकांच्या डब्यांत बहुतेक वेळा लग्नं असतात, बारशी असतात, वैष्णोदेवी आणि सिमला असतो. म्हणून फरिदाबादच्या एका मराठी कुटुंबाने आणलेल्या पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यावर ‘दक्षिण ध्रुव 83–84’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं पाहिलं, तेव्हा मला आधी ती गंमत वाटली. डबा घेऊन आलेले काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले, सोबत त्यांची मुलगी. “माझे वडील, अण्णा,” काका म्हणाले. “सातारकडचे. लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये सुतार होते. सरकारने पाठवलं होतं त्यांना बर्फात.”

डिसेंबर 1983 मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून ‘फिनपोलारिस’ या जहाजावर निघाली. डॉ. हर्ष गुप्ता नेते होते. त्याआधी 6 डिसेंबर 1981 रोजी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली मोहीम निघाली होती आणि 9 जानेवारी 1982 ला ती बर्फावर उतरली होती. तिसरी मोहीम वेगळी होती, कारण तिला तिथे घर बांधायचं होतं. ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं पहिलं कायमचं ठाणं लष्कराच्या माणसांनी त्याच एका उन्हाळ्यात उभं केलं, आणि पाठोपाठ 12 जणांची तुकडी तिथे पहिला हिवाळा काढायला थांबली. याच मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोन शास्त्रज्ञ भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. पंत आपल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. घरात ‘दक्षिण ध्रुव’ म्हणत असले, तरी ठाणं किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या पठारावर होतं. खरा ध्रुव तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर आत. अण्णांनी डब्यावर लिहिलेलं मी अर्थातच खोडलं नाही.

“गावी गेलो की सगळे विचारायचे,” काका सांगत होते, “अण्णा, बर्फाखाली सोनं आहे म्हणतात, खरं का? काय आणलंत?”

हा प्रश्न गावंढळ नव्हता. त्या वर्षांत दिल्लीतही जवळपास तोच विचारला जात होता. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने समुद्रतळावरून मँगनीज, निकेल, तांबं असलेले धातूंचे गोटे वर काढले, आणि त्याच जुलैमध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग हे स्वतंत्र खातं उघडलं. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली तेल आणि खनिजं असणार, आपण मागे राहिलो तर वाटणी आपल्यावाचून होईल, ही भीती अनेक देशांना होती. भारत 19 ऑगस्ट 1983 ला अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि महिनाभरात मताधिकार असलेला सदस्य झाला. तोवर तिथल्या खनिजांचे नियम ठरवायच्या वाटाघाटी सुरू झालेल्या होत्या. 1988 मध्ये त्यांचा मसुदा तयार झाला, पण तो कधी अमलात आला नाही. उलट 1991 च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामालाच बंदी घातली. अण्णांनी काय आणलं, तर एक दगड. करड्या रंगाचा, आत गार्नेटचे लालसर ठिपके. तो काकांच्या देवघराशेजारी अजून आहे. बाकी हा डबा.

डब्यात दोन प्रकार होते. रंगीत स्लाइड आणि कृष्णधवल निगेटिव्हच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या. दोन्ही पूर्व जर्मनीच्या ‘ओर्वो’ कंपनीच्या. त्या काळी पूर्व जर्मनीशी आपला व्यवहार रुपयांत चालायचा, म्हणून कोडॅकपेक्षा ओर्वो सामान्य माणसाच्या आवाक्यात होती. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. अॅसिटेटची फिल्म कुजू लागली की आम्ल सुटतं, आणि एक पट्टी सुटली की ती शेजारणीलाही ओढते. फरिदाबादच्या माळ्यावर पंचेचाळीस अंशांचे किती उन्हाळे तिने काढले असतील, देव जाणे.

यातली थट्टा अशी की हीच फिल्म अण्णांच्या हातून बर्फात पडली असती, तर कदाचित जास्त चांगली टिकली असती. 1897 मध्ये तीन स्वीडिश माणसं फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि परतली नाहीत. आंद्रे या नेत्याच्या नावाने ती मोहीम ओळखली जाते. 1930 मध्ये एका निर्जन बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि सोबत फिल्मही. तेहतीस वर्षं बर्फात पडून राहिलेल्या 240 फ्रेमपैकी 93 चित्रं स्टॉकहोममध्ये उमटवता आली. कॅनडातल्या डॉसन गावात 1929 च्या सुमारास जुनी सिनेमाची रिळं एका बुजवायच्या तलावात भराव म्हणून टाकली होती. 1978 मध्ये जमीन खणताना गोठलेल्या मातीतून पाचशेहून अधिक रिळं बाहेर आली.

डॉसन हे त्याच क्लोंडाइकचं गाव, जिथे 1896 मध्ये सोनं सापडल्यावर दोन वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली. पोचली त्यांतली निम्मीही नाहीत. सरहद्दीवरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान बरोबर असल्याखेरीज पुढे सोडत नसत; माणशी जवळजवळ टनभर बोजा, तो पाठीवरून खेपा करत खिंड चढवायचा. 1898 मध्ये तर अलास्कात आर्क्टिक वर्तुळाजवळच्या कोत्झेब्यू खाडीत सोनं आहे अशी आवई उठली आणि हजारांवर लोक जहाजं भरून तिकडे गेले. सोनं जवळपास नव्हतंच. कोडॅकच्या हातातल्या कॅमेऱ्याला तेव्हा दहाच वर्षं झाली होती, त्यामुळे हात हलवत परतलेल्यांच्या घरांत पुढच्या पिढ्यांना मिळाले ते फोटो. एरिक हेग या फोटोग्राफरने खिंडीतल्या बर्फावर मुंग्यांसारखी चढणारी रांग टिपली, ते चित्र जगभर गेलं. त्याच्या मागे राहिलेल्या काचेच्या निगेटिव्ह मात्र डॉसनमधल्या एका झोपडीच्या भिंतीत कोंबलेल्या सापडल्या. थंडी अडवायला लावलेल्या. त्या खरवडून काचा रोपांच्या घराला वापरायचा बेत चालला होता, तेवढ्यात त्या वाचल्या.

फरिदाबादच्या काकांची मागणी साधी होती. घरात तीन फोटो गेली कित्येक वर्षं फ्रेममध्ये होते, ते मोठे करून हवे होते. बाकीच्यातले वीसेक चांगले निवडायचे, कडेची काळी चौकट कापायची, आणि बर्फ पांढरा करायचा. स्लाइडवरचा बर्फ लालसर झाला होता. “एकदम सफेद करा ना ताई, आता तर कंप्युटरवर सगळं होतं,” मुलगी म्हणाली. होतं, खरंय. तेच तर अवघड आहे.

फ्रेममधल्या तीन फोटोंपैकी एक त्यांच्या घरचा मानबिंदू होता. करड्या आकाशात पांढऱ्या फांद्या फुटाव्यात तशा रेषा. खाली तंबू आणि दोन माणसं. घरात त्याला ‘ध्रुवावरचा प्रकाश’ म्हणत. नातवंडांनी शाळेत नेऊन दाखवलेला, सोसायटीच्या गणपतीत मांडलेला. मी त्याची मूळ निगेटिव्ह शोधली आणि लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली. रेषा आकाशात सुरू होत होत्या, पण तिथेच थांबत नव्हत्या. चित्राची चौकट ओलांडून त्या फिल्मच्या कडेवर, दातेरी भोकांपर्यंत गेल्या होत्या. कॅमेऱ्याच्या भिंगातून आलेला प्रकाश चौकटीबाहेर पडूच शकत नाही. म्हणजे या रेषा आकाशात नव्हत्याच. कडाक्याच्या कोरड्या थंडीत फिल्म झटक्याने पुढे ओढली की घर्षणाने स्थिर वीज साठते आणि कॅमेऱ्याच्या आतच ठिणगी उडते. तिचा ठसा फिल्मवर असा फांद्यांसारखा उमटतो. शिवाय अण्णा तिथे होते तो उन्हाळा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य मावळत नाही. काळोखच नाही तर ध्रुवप्रकाश दिसणार कुठून?

स्टुडिओवाल्याने प्रिंट काढताना नेहमीप्रमाणे कडा कापल्या होत्या. त्या कापल्या नसत्या, तर चार दशकांचा हा समज झालाच नसता.

हे सांगायचं कसं, हा माझ्या धंद्यातला सर्वांत नाजूक भाग. लोकांनी आपली वस्तू विश्वासाने दिलेली असते. तिच्याबरोबर त्यांची कहाणीही आपल्या हातात आलेली असते. मी काकांना भिंग दिलं आणि काही न बोलता कडा दाखवली. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, “म्हणजे अण्णांच्या कॅमेऱ्यात वीज पडली म्हणायची?” मी म्हटलं, हो, आणि ती त्यांच्या बोटांनी पाडली. हातमोजे जाड, बोटं बधिर, म्हणून खटका जोरात ओढला असणार. काकांना हे उत्तर आवडलं. ध्रुवप्रकाश कोणालाही दिसू शकतो. ही वीज फक्त अण्णांची होती.

तिथून पुढे काम सोपं झालं, कारण काकांनी निवडानिवडीचा आग्रह सोडला. मी सगळ्या पट्ट्या कडांसकट स्कॅन केल्या. बिघडलेल्या, हललेल्या, अर्ध्या उडालेल्याही. कडेवर फ्रेमचा आकडा छापलेला असतो, त्यावरून पट्ट्या पुन्हा क्रमाने लावता येतात. घरातली प्रदर्शनं, पाहुण्यांपुढचे प्रोजेक्टरचे कार्यक्रम यांत डब्यातला क्रम पार विस्कटला होता: पेंग्विन पुढे, हेलिकॉप्टर त्याच्या मागे, उरलेलं सगळं तळाला. क्रम लागला तशी तळाची चित्रं वर आली. मुरगावच्या धक्क्यावर खोकी मोजणारी माणसं. जहाजाच्या पोटात एकावर एक रचलेल्या भिंती, दारं, खिडक्या. पूर्ण ठाणंच सुटं करून नेलेलं. चाळिशीच्या अक्षांशातल्या लाटांनी आडवे झालेले जवान. बर्फावर पाट मांडावा तशी फळी टाकून बसलेला स्वयंपाकी. पेंग्विनचे फोटो थोडेच होते. जास्त होते ते सांधे, खिळे, बिजागऱ्या. सुताराने सुताराच्या नजरेने काढलेले.

आणि सावल्या. किती तरी फ्रेममध्ये खालच्या कडेपासून एक लांबलचक सावली आत शिरलेली होती. ही अण्णांची सावली, आणि ‘खराब’ म्हणून बाजूला पडलेल्या फोटोंत तिचाच दोष काढलेला होता. त्या अक्षांशावर उन्हाळ्यात भर दुपारी माणसाची सावली साधारण त्याच्या उंचीएवढी पडते. मध्यरात्री सूर्य क्षितिजाला घासत असतो, तेव्हा ती पंधरा-वीस पट ताणते. अण्णांच्या बहुतेक फोटोंत सावली अशीच ताणलेली आहे. दिवसा ते भिंती उभ्या करत होते. फोटो त्यांनी काढले ते पाळी संपल्यावर, झोपेच्या वेळात. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. संपूर्ण डब्यात त्यांचा स्वतःचा चेहरा एकाही चित्रात नाही. कॅमेरा त्यांच्या हातात होता. त्या बर्फावर अण्णा होते याची एवढी एकच खूण, आणि ती कडेला होती.

बर्फाच्या रंगाचा प्रश्न राहिला होता. अण्णांच्या तुकडीतले एक निवृत्त सुभेदार पुण्यात असतात, त्यांचा काकांनी पत्ता लावला. आम्ही व्हिडिओ कॉल केला. मी त्यांना दोन प्रती दाखवल्या; एक जशीच्या तशी, एक पांढरी केलेली. पांढरी पाहून ते हसले. “बाई, बर्फ पांढरा कुठला? सावलीत निळा, रात्रीच्या उन्हात गुलाबी. दुपारी तर बघवायचा नाही, चष्मा काढला की डोळे जायचे.” त्यांच्या बोलण्यावरून मी रंग थोडे सावरले. फिल्मच्या रंगांची झीज भरून काढली, पण रात्रीचा गुलाबी शाबूत ठेवला. मूळ स्कॅन वेगळं जपून ठेवलं, म्हणजे पुढे कोणाला माझं म्हणणं पटलं नाही तर तो नव्याने सुरुवात करू शकेल.

पण त्या कॉलमधून मिळालेली मोठी गोष्ट रंग नव्हे, नावं. सुभेदारसाहेब चेहरे ओळखत गेले. पाठमोरा माणूसही त्यांनी खांद्यावरून ओळखला. हा वायरमन, हा ट्रॅक्टर चालवायचा, याने जहाजावर सगळ्यांचे केस कापले, हा गेला, हाही गेला. मुलगी भराभर लिहून घेत होती. मोहिमेच्या अहवालांत शास्त्रज्ञांची नावं आहेत, त्यांचे निष्कर्ष आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण ज्याने बिजागरी बसवली, ज्याने भात शिजवला, त्याचा चेहरा आणि नाव एकत्र सापडायची जागा म्हणजे असे घरातले डबे. ‘दक्षिण गंगोत्री’ पुढे बर्फाखाली गाडली गेली आणि 1990 मध्ये ठाणं म्हणून तिचा वापर थांबला. काम ‘मैत्री’ या नव्या ठाण्यावर गेलं. अण्णांनी बसवलेली दारं आता कोणालाच दिसणार नाहीत. ती बसवताना काढलेली चित्रं मात्र आहेत.

प्रवासातले फोटो जपण्याबाबत दिल्लीची एक कहाणी मला नेहमी आठवते. कुलवंत रॉय हे स्वातंत्र्याच्या काळातले नामवंत वृत्तछायाचित्रकार. 1958 च्या सुमारास ते जगप्रवासाला निघाले, तीनेक वर्षं देशोदेशी फिरले आणि निगेटिव्ह पाकिटांतून दिल्लीला स्वतःच्या पत्त्यावर पाठवत राहिले. परत येऊन पाहतात तो पाकिटं चोरीला गेलेली. ते दिल्लीचे उकिरडे धुंडाळत फिरले असं सांगतात. 1984 मध्ये त्यांचं निधन झालं. उरलेली खोकी त्यांनी छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या हवाली केली होती. ती वीसहून अधिक वर्षांनी उघडली गेली, तेव्हा गांधी, नेहरू, जिना यांची दुर्मीळ चित्रं बाहेर आली. याच आर्य यांनी पुढे गुरुग्रामला ‘म्युझिओ कॅमेरा’ हे छायाचित्रणाचं संग्रहालय उभं केलं. नेत्यांचे चेहरे वर्षांनी खोकं उघडलं तरी ओळखू येतात. सुताराचा चेहरा ओळखायला त्याच्या शेजारी उभा राहिलेलाच माणूस लागतो, आणि तो माणूस खोक्याएवढा टिकत नाही.

काकांनी शेवटी अल्बम केला तो क्रमाने, कडांसकट, प्रत्येक चित्राखाली नावं घालून. एक प्रत पुण्याला सुभेदारसाहेबांकडे गेली. एक गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राला द्यावी असं मी सुचवलं आहे. काकांचा विचार चालू आहे. ‘ध्रुवावरचा प्रकाश’ भिंतीवर कायम राहिला, आता दातेरी भोकांसकट मोठा केलेला. खाली नवी ओळ आहे: ‘अण्णांची वीज’.

लोक मला फोनवर पहिल्यांदा दर विचारतात. एका फोटोचे किती? सफाईचा दर आहे, स्कॅनिंगचा आहे, बुरशी काढायचा वेगळा आहे. पण सर्वांत मोलाचं काम माझ्याकडे होत नाही, ते घरीच करायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. डबा उघडा. निगेटिव्ह आणि स्लाइड कडेने धरा, चित्रावर बोट ठेवू नका. काहीही कापू नका, फेकू नका, हललेला फोटोसुद्धा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट दाखवून विचारा, हा कोण? उत्तर फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. वास आलाय, बुरशी लागलीय, रंग उडालेत, या सगळ्यांवर थोडाफार इलाज आहे, तो मी करीन. नाव गेलं की त्यावर इलाज नाही.